कारण माहीत आहे

मी डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये काम करते. हे सांगितलं की समोरचा माणूस दोन सेकंद थांबतो आणि मग दुसराच विषय काढतो. त्यात त्याची काही चूक नाही. कारखान्याची ड्रॉइंग्ज सांभाळायची, नवीन रेव्हिजन आली की जुनीवर ‘सुपरसीडेड’चा शिक्का मारायचा, कोणी कुठली कॉपी नेली ते रजिस्टरला लिहायचं, आणि ती परत आली नाही की त्याच्या मागे लागायचं, यात सांगण्यासारखं काय असणार.

पण गेल्या वर्षी आमच्याकडे एक जुना सेक्शन पाडायला काढला आणि अचानक सगळ्यांना माझी आठवण झाली. साधा केमिकलवाला सेक्शन, अणूबिणूशी काही संबंध नाही. त्यातल्या एका टाकीचं ड्रॉइंग मी कपाटातून काढलं. जुनी अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेली, निळी रेघ फिकट होत होत जांभळट झालेली. टायटल ब्लॉकमध्ये तीन सह्या, रेव्हिजन ७, सगळं कसं रीतसर. आणि समासात शिसपेन्सिलीने, छान वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘एन-५ बंद. कारण माहीत आहे.’

एन-५ म्हणजे त्या टाकीचं पाच नंबरचं नॉझल, पाइप जोडायचं तोंड. पण कारण कोणाला माहीत आहे? सही नाही, तारीख नाही. साइटवरची पोरं म्हणाली मॅडम सोडा ना, नॉझल तर आहे, उघडू आणि बघू. मी म्हटलं एक दिवस थांबा. मग आमच्या ड्रॉइंग ऑफिसमधून बारा वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या काकांना फोन लावला.

“काका, त्या टाकीच्या एन-५ चं काय प्रकरण होतं हो?”

“कुठला एन-५?” मग जरा वेळ शांतता. “अगं हो हो! ती लाइन पुढे कापलेली आहे. जमिनीखाली नुसतंच तोंड उघडं आहे तिचं, म्हणून ब्लाइंड मारून नॉझल बंद केलं होतं. का गं, कोणी उघडायला निघालंय की काय?”

“मग तसं लिहिलं का नाही?”

“लिहिलंय की! कारण माहीत आहे असं लिहिलंय ना.” आणि खो खो हसले. “अगं, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.”

हे ‘तेव्हा सगळ्यांना माहीत होतं’ माझ्या डोक्यातून जाईचना. आमचं काय, फार तर दोन दिवस काम थांबलं असतं आणि थोडा चिखल झाला असता. पण ज्या उद्योगात असं नॉझल उघडून ‘बघू’ म्हणता येतच नाही तिथे हे लोक काय करत असतील? म्हणून मी अणुउद्योगाच्या कागदपत्रांबद्दल वाचायला लागले, आधी रात्री झोप येईपर्यंत, मग झोप येत नाही म्हणून.

पहिली गोष्ट जी मला चक्रावून गेली ती ब्रिटनच्या मॅग्नॉक्स नावाच्या जुन्या अणुभट्ट्यांची. बर्कली नावाचं केंद्र आहे, १९६२ साली सुरू झालं, १९८९ ला बंद पडलं. बंद केलं म्हणजे लगेच पाडलं असं नाही. इंधन काढून घ्यायचं, आजूबाजूचं सामान हलवायचं आणि मुख्य भट्टी मात्र पक्की झाकून ठेवून द्यायची, आणि ती खरी सोडवायचं काम २०७० च्या पुढे, असा मूळ आराखडा. हे आळशीपणातून आलेलं नाही. भट्टीच्या पोलादात कोबाल्ट-६० तयार झालेला असतो, त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास, म्हणून ऐंशी वर्षं नुसतं थांबलं तर तो मूळच्या साधारण सदतीस हजाराव्या भागावर येतो. जिथे आज माणूस पाच मिनिटं उभा राहू शकत नाही तिथे नातवंडांच्या पिढीचा माणूस बऱ्यापैकी आरामात काम करेल. हिशोब एकदम बरोबर आहे.

फक्त त्या हिशोबात एक गोष्ट उलटी धावते. किरणोत्सार कमी होत जातो तसतशी ती भट्टी बांधलेली, चालवलेली, तिच्या खोड्या माहीत असलेली माणसंही कमी होत जातात. १९६२ ला पंचवीस वर्षांचा असलेला वेल्डर २०७० ला कुठून आणणार? शरीराला जेवढं सुरक्षित तेवढं डोक्याला अंधारं. आता हे थांबायचं धोरण तिकडे थोडं बदलतंय म्हणतात, काही ठिकाणी आधी हात घालणार आहेत. पण तोवर काय, तर कागद. त्या भट्टीबद्दल विचारायला फोन लावावा असे कोणी काका नसणार, जे काय असेल ते कागदात.

आणि कागद कसला, तर सगळाच. आपल्याला वाटतं ड्रॉइंग्ज आणि रिपोर्ट्स जपले की झालं. पण पाडणाऱ्याला सगळ्यात उपयोगी काय पडतं माहितीये? बांधकामाच्या वेळचे फोटो. कुणी तरी साइट फोटोग्राफर दर आठवड्याला येऊन नाइलाजाने काढत असलेले, भिंतीत काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशीचे. त्यात सळ्या दिसतात, आत गाडलेला पाइप कुठून वळलाय ते दिसतं, आणि ड्रॉइंगमध्ये सरळ दाखवलेली लाइन प्रत्यक्षात खांब मध्ये आला म्हणून वळसा घालून नेली तेही दिसतं. ड्रॉइंग हे ठरवलं काय होतं ते सांगतं आणि फोटो झालं काय ते. आमच्या भाषेत ‘अ‍ॅज-बिल्ट’ म्हणून वेगळी ड्रॉइंग्ज असतात, म्हणजे बांधून झाल्यावर जसं आहे तसं काढलेली, पण खरं सांगू का, निम्म्या वेळा ती डिझाइनच्या ड्रॉइंगवर नुसता ‘अ‍ॅज-बिल्ट’चा शिक्का मारून केलेली असतात. मी स्वतः तसे शिक्के पाहिलेत. मारलेत असं म्हणत नाही.

नोंदच धड नसली की काय होतं याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला डुनरे म्हणून जागा आहे, तिथे फास्ट रिॲक्टर या खास प्रकारच्या अणुभट्टीचे प्रयोग चालायचे. सांडपाणी समुद्रात सोडायला एक बोगदा खणला तेव्हा त्यातला दगड वर काढायला एक खोल उभी विहीर पाडली होती, साधारण ६५ मीटरची. काम संपल्यावर ती बुजवायची सोडून १९५९ पासून तिच्यात किरणोत्सारी कचरा टाकायला सुरुवात झाली. परवानगी घेऊन, बरं का. १९७७ च्या मे महिन्यात आतल्या पाण्याशी सोडियम-पोटॅशियमची गाठ पडली, स्फोट झाला, वरचं काँक्रीटचं झाकण उडालं आणि मग ते टाकणं थांबलं. आता ती विहीर उपसायची आहे आणि उपसणाऱ्याचा पहिला प्रश्न अर्थातच हा की आत काय काय आहे. नोंदी आहेत, पण तोकड्या, आणि ज्यांनी टाकलं त्यांच्या दृष्टीने ते टाकून दिलेलं होतं. टाकून दिलेल्या वस्तूची यादी कोण मनापासून करतो?

जर्मनीत असंच. आसे नावाची मिठाची जुनी खाण, तिच्यात १९६७ ते १९७८ मध्ये सव्वा लाखाहून जास्त पिंपं ठेवली, नंतर नंतर तर ठेवली कसली, लोडरने उतारावरून ओतली. खाणीत पाणी झिरपायला लागलं. २००९ मध्ये कळलं की आत प्लुटोनियम ९.६ किलो नसून २८ किलो आहे. किलोचा हिशोब चुकला! रद्दीवाल्याचा चुकला तर आपण भांडतो. २०१३ मध्ये कायदा करून ठरलं की पिंपं परत बाहेर काढायची. ज्या माणसांनी ती एकमेकांवर ओतली त्यांनी स्वप्नातही विचार केला नसेल की कोणी तरी ती पुन्हा एकेक करून उचलायला येणार आहे.

बरं, कागद नीट लिहिला, जपला, तरी तो टिकतो का? इथे मी जरा अधिकारवाणीने बोलू शकते. अमोनिया प्रिंट उजेडात ठेवली की उडते. फॅक्सचा थर्मल कागद काही वर्षांत कोरा होतो, अगदी कोरा, त्यावर काही होतं हे फाइलच्या इंडेक्सवरूनच कळतं. स्टेपल गंजतो आणि नेमका सहीवर डाग पाडतो. सेलोटेप निघते पण अक्षरं घेऊन निघते. मायक्रोफिल्म म्हणजे लोकांना अमर वाटते, पण जुन्या ॲसिटेट फिल्मचा डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, फिल्म सडत असते तो वास, आणि त्याच वाफेने शेजारचा चांगला डबाही बिघडायला लागतो. अणुकेंद्रात वर आणखी एक भानगड, कंट्रोल्ड एरियात वापरलेला कागद तपासल्याशिवाय बाहेर येत नाही, त्यालाच किरणोत्सारी धूळ लागलेली असू शकते. म्हणजे ज्या कागदात कचऱ्याची माहिती तो कागदच कचरा. हे वाचून मी एकटीच हसले होते.

कॉम्प्युटरबद्दल मी बोलतच नाही. आमच्याकडे एका कपाटात फ्लॉप्यांचा खोका आहे, त्यावर ‘फायनल’ असं लिहिलंय.

आणि समजा कागद टिकला, वाचताही आला, तरी समजेल का? जुन्या नोंदींमध्ये किरणोत्साराचे आणि डोसचे आकडे क्युरीत आणि रेममध्ये असतात, आता बेकेरेल आणि सिव्हर्ट. १ सिव्हर्ट म्हणजे १०० रेम, हे ठीक, तोंडपाठ होतं. पण १ क्युरी म्हणजे ३७ अब्ज बेकेरेल. एखाद्या वहीत नुसताच ‘४०’ लिहिलाय, पुढे एकक नाही, कारण तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मोडीतलं दप्तर हातात आल्यावर आपलं जे होतं ना, कागद आपला, भाषा आपली, मजकूर आपल्याच माणसांचा आणि एक ओळ लागत नाही, तसलंच हे. फरक एवढाच की इथे लिपी देवनागरीइतकी ओळखीची असूनही लागत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटली ती मात्र यंत्राची नाही, माणसाची नोंद. अणुकेंद्रातल्या प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असतो, पूर्वी त्यात फिल्मचा छोटा तुकडा असायचा, ठरावीक दिवसांनी तो डेव्हलप करून किती काळा पडला त्यावरून त्या माणसाला किती डोस बसला ते लिहून ठेवायचे. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की ही नोंद तो माणूस ७५ वर्षांचा होईपर्यंत ठेवायची, किंवा जिवंत असता तर ७५ चा झाला असता तोवर, आणि काम सोडल्यापासून किमान ३० वर्षं तरी ठेवायचीच. ‘झाला असता तोवर’ हे मी दोनदा वाचलं. सरकारी नियमात इतकं गलबलून येण्यासारखं वाक्य मला पूर्वी भेटलं नव्हतं, आणि ते लिहिणाऱ्याला तसं काही अभिप्रेतही नसणार. पण विचार करा, चाळीस वर्षांनी एखाद्या बाईला हे जाणून घ्यायचंय की नवऱ्याचा कॅन्सर त्या नोकरीमुळे होता का. तिच्या दृष्टीने सगळा अणुउद्योग म्हणजे एका कार्डावरचे बारीक आकडे. ते कार्ड सापडलं तर भरपाईचा दावा उभा राहतो, नाही सापडलं तर तिची बाजू तोंडीच राहते.

इथे मग दुसरा प्रश्न येतो, ठेवण्याचा नव्हे, दाखवण्याचा. कागद जपलाय पण कुलपात, तर तो कोणासाठी जपला? १९५७ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, ब्रिटनची आजवरची सगळ्यात वाईट अणुदुर्घटना, आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. ती भट्टी बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारी होती, वीज बनवणारी नव्हे, पण तिच्या चौकशीचं जे झालं ते दोन्हीकडे लागू पडतं. शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांच्या समितीने काही आठवड्यांत अहवाल दिला, पंतप्रधान मॅकमिलननी तो पूर्ण बाहेर येऊ दिला नाही, आणि लोकांना तो वाचायला मिळाला १९८८ साली. तीस वर्षं! तोपर्यंत त्या रात्री भट्टीवर उभे असलेले किती जण म्हातारे झाले, किती गेले. म्हटलं जुना काळ होता, शीतयुद्ध वगैरे. तर २०१८ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून अणुविषयक जुन्या फाइलींची मोठी रास अचानक वाचकांसाठी बंद केली, ज्या इतिहासकारांनी वर्षानुवर्षं वाचल्या होत्या, नोट्स काढल्या होत्या, त्याच. सुरक्षेचं कारण असू शकतं, मला मान्य आहे, अणुभट्टीचं प्रत्येक ड्रॉइंग चौकात लावा असं मी म्हणणारच नाही, माझी नोकरीच ‘कंट्रोल्ड कॉपी’ची आहे. पण फाइल बंद करताना ती का बंद केली हे सांगायला काय हरकत आहे? ‘कारण माहीत आहे’ हे तिथेही आलंच की.

आता तुम्ही म्हणाल की अणुकचऱ्याची आठवण म्हटल्यावर ते दहा हजार वर्षांचं कुठे गेलं. ते आहेच. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये मिठाच्या थरात सुमारे साडेसहाशे मीटर खोल कचरा पुरतात, ‘विप’ नावाची जागा, आणि दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला तिथे खणू नको हे कसं सांगायचं यावर तज्ज्ञांनी खरंच अहवाल लिहिलेत. जमिनीतून वर येणारे भलेमोठे काटे उभारा म्हणाले कोणी. १९८४ मध्ये सेबिओक नावाच्या भाषावैज्ञानिकाने ‘अणुपुरोहितां’ची कल्पना मांडली, म्हणजे दंतकथा आणि भीती पिढ्यानपिढ्या पुढे नेणारा एक वर्ग. त्याच वर्षी आणखी दोघांनी सुचवलं की किरणोत्सार असेल तिथे रंग बदलणारी मांजरं तयार करा आणि त्यांच्या गोष्टी रचा, गाणी रचा. वाचायला भयंकर मजा येते, म्हणूनच या विषयावरच्या प्रत्येक लेखात ती मांजरं येतात, माझ्याही आली बघा.

पण त्या विपमध्ये मांजरांचा खरा संबंध आला तो वेगळ्याच वाटेने. कचऱ्यातला ओलावा शोषायला पिंपात मांजराच्या शौचाची माती घालायची पद्धत होती, खनिज माती, इनऑर्गॅनिक. कामाच्या लेखी पद्धतीत कुठे तरी ते ‘ऑर्गॅनिक’ झालं. मग पिंपांत गव्हापासून बनवलेली माती गेली, आतल्या नायट्रेटशी तिचं जमलं नाही, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत जमिनीखाली एक पिंप तापून फुटलं. जागा जवळजवळ तीन वर्षं बंद. हा लष्करी कामातला कचरा होता हे खरं, पण शब्द काय लष्करी आणि नागरी वेगळे नसतात. दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाशी कसं बोलायचं याची चर्चा एका टोकाला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने लिहिलेला एक उपसर्ग दुसऱ्या टोकाला. मला कोणी विचारलं तर मी पैसा या दुसऱ्या टोकावर लावेन. कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

काही लोकांनी मात्र हे शहाणपणाने घेतलंय. ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेची एक अणुऊर्जा संस्था आहे, एनईए, तिच्या एका प्रकल्पात बऱ्याच देशांनी मिळून यावर विचार केला आणि त्यातून जी कल्पना आली ती मला पटली कारण ती अजिबात भव्य नाही. प्रत्येक साठवणीच्या जागेची एक छोटी फाइल करा, साधारण चाळीसेक पानांची, सामान्य माणसाला कळेल अशी: इथे काय पुरलंय, का, कुठे, आणि सविस्तर कागद कुठे ठेवलेत. तिच्या भरपूर प्रती काढा आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. फ्रान्समध्ये मांशच्या किनाऱ्यावरच्या जागेचे कागद आम्लविरहित टिकाऊ कागदावर छापून जागेवर एक आणि राष्ट्रीय अभिलेखागारात एक असे ठेवलेत. तिथे तीनशे वर्षं लक्ष ठेवायचंय. तीनशे म्हटल्यावर मला हायसं वाटलं. तीनशे वर्षांचा कागद माणसाने जपलेला आहे, ते आपल्याला जमतं.

आणि डुनरेपासून जवळच, विक नावाच्या छोट्या गावात, विमानतळाला लागून ब्रिटनने २०१७ मध्ये एक अर्काइव्ह उघडलं, न्यूक्लियस. सुमारे २ कोटी १० लाख पौंड खर्चून बांधलेली त्रिकोणी इमारत, देशातल्या सतरा अणुकेंद्रांचे कागद हळूहळू तिथे आणायचे अशी योजना. पण त्याच छताखाली त्या भागाचे जुने स्थानिक कागदही ठेवलेत, सोळाव्या शतकापर्यंत मागे जाणारे. एका कपाटात फास्ट रिॲक्टर आणि दुसऱ्या कपाटात कोणाच्या तरी पणजोबांच्या नावाची नोंद. मला हे फार आवडलं. नुसते अणूचे कागद असते तर तिथे फक्त इंजिनियर आले असते, तेही गरज पडली तर. पणजोबांना शोधायला मात्र माणसं येतच राहतात, आणि दार उघडं राहायला तेवढं पुरतं.

अशा वाचनकक्षांमध्ये पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. शाई सांडते, डाग पाडते. आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, ते उजेडात उडत नाही, पाण्यात पसरत नाही. मॅग्नॉक्स भट्ट्यांच्या पोटात हेच ग्राफाइट आहे, हजारो टन. असो.

आमच्या काकांना मी शेवटी ऑफिसला बोलावलं. साहेबांकडून चार दिवसांचं मानधन मंजूर करून घेतलं, त्यासाठी तीन फॉर्म भरले. टेबलावर त्या सेक्शनची सगळी ड्रॉइंग्ज मांडली, पेन्सिली टोकदार करून ठेवल्या आणि म्हटलं काका, जिथे जिथे काही लिहिलंय तिथे पूर्ण वाक्यात कारण लिहा, मला कळेल असं नको, ज्याने ही टाकी कधी बघितलीच नाही त्याला कळेल असं लिहा. दिवसाला सात-आठ ड्रॉइंग्ज व्हायची, कारण प्रत्येकामागे एक गोष्ट होती आणि ती ऐकावीच लागायची.

तिसऱ्या दिवशी एका ड्रॉइंगवर ते बराच वेळ थांबले. पंपाजवळ समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘ह्याला हात लावू नये.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अक्षर तर माझंच आहे.”

“मग?”

“का लिहिलं होतं बरं मी हे?”

आम्ही दोघांनी जुनी लॉगबुकं चाळली, आजूबाजूची ड्रॉइंग्ज काढली. काही लागेना. “तो आपला फिटर होता ना, त्याला माहीत असेल,” असं म्हणता म्हणता ते मध्येच थांबले. मी कोण ते विचारलं नाही.

मग मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘कारण माहीत नाही. विचारलं, शोधलं.’ खाली तारीख टाकली, काकांची सही घेतली, माझी केली आणि रजिस्टरला रेव्हिजन ८ चढवली.